गर्भलिंगधारणा आणि आठव्या महिन्याचे भय

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



मागील पाठात पंचसूतकांचा विचार झाला. जननसूतक, मरणसूतक, रजःसूतक, उच्छिष्टसूतक आणि जातिसूतक ही पाचही सूतके लिंगवंताला नाहीत, हे आपण पाहिले. तो पाठ वाचून काही भगिनींची पत्रे आली. त्यांचा आशय जवळजवळ एकच होता. घरी सूतक पाळत नाहीत, परंतु सून गरोदर राहिली की तिच्या खाण्यापिण्यापासून निजण्याबसण्यापर्यंत इतके नियम लावले जातात की त्यापेक्षा सूतक बरे वाटावे. यांत धर्माचे किती आणि ऐकीव किती, ते स्वामीजींनी सांगावे. एका भगिनीने लिहिले आहे, "आठवा लागला तसे मला घराबाहेर सोडत नाहीत. तपासणीलाही नको म्हणतात. आठवा सांभाळावा लागतो, एवढेच सांगतात."

मी वैद्य नाही. माझे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार मी घेतो, कारण हे नियम बहुतेक वेळा धर्माच्या नावाने सांगितले जातात, आणि ते सांगणाऱ्यांत आम्ही मठातली माणसेही असतो. मीही होतो. ती गोष्ट पुढे येईलच.

प्रथम आठव्या महिन्याचेच पाहू. आपल्या परंपरेत गर्भाला आठवा महिना लागला की गुरू वा जंगम घरी येऊन गर्भलिंगधारणा करतात. उदरातील जीवासाठी लिंग देऊन ते आईच्या अंगावर बांधले जाते आणि जन्मानंतर तेच लिंग बालकाचे होते. काही घरी हा संस्कार जन्मानंतर करतात, पण मूळ कल्पना हीच की जीव जगात येण्यापूर्वीच लिंगवंत होतो. तो पवित्र होण्यासाठी दहा दिवस, बारा दिवस थांबत नाही. म्हणजे आठव्या महिन्यात त्या मातेच्या अंगावर दोन लिंगे असतात, एक तिचे आणि एक तिच्या लेकराचे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. या पाठात तिचे काम पुन्हा पुन्हा पडणार आहे.

आता ज्या महिन्यात आपण जीवाला लिंग देतो, त्याच महिन्याविषयी घरोघरी एक समजूत आहे. सातव्यात झालेले मूल जगते, नवव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही. ही समजूत अडाणीपणातून आली असे कोणी म्हणू नये. ती मोठ्या ग्रंथांतून आली आहे. चरकसंहिता आणि सुश्रुतसंहिता या दोहोंच्या शारीरस्थानात गर्भाची महिन्यागणिक वाढ सांगितली आहे. आठव्या महिन्यात ओज स्थिर नसते, ते आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करते, म्हणून आई कधी प्रसन्न तर कधी म्लान दिसते, असा तेथला विचार आहे. चरक या महिन्यातला जन्म धोक्याचा मानतो. सुश्रुत तर असे बालक वाचत नाही असेच म्हणतो. गंमत अशी की दूर ग्रीस देशात हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे जुने वैद्यकग्रंथ आहेत, त्यांतही आठव्या महिन्याच्या बालकावर एक स्वतंत्र प्रकरणग्रंथ आहे आणि तेथेही हीच भीती आहे. दोन दूरच्या देशांतील विद्वानांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती खरी असणार, असे मला पाठशाळेत असताना वाटे.

१९९६ सालची गोष्ट. मठाची जबाबदारी माझ्यावर येऊन वर्षही झाले नव्हते. चिकोडी भागातील एका गावी एका भक्ताच्या घरी गर्भलिंगधारणेसाठी गेलो. सून विशीतली, पहिलटकरीण. यथासांग संस्कार झाला, प्रसाद झाला, मी परतलो. दहा-बारा दिवसांनी त्याच गावी दुसऱ्या कामासाठी जाणे झाले तेव्हा त्या घरची आजी धावत आली. सून पहाटे बाळंत झाली होती, मुलगी होती, फार बारीक होती. आजीने विचारले, "स्वामीजी, आठव्यातलं हाय. जगतंय का वो?"

मी विद्या मिरविली. शास्त्रात असे असे म्हटले आहे, असे सांगून ईश्वरेच्छेवर ठेवा म्हणालो. माझ्या दृष्टीने ते सांत्वन होते. घरच्यांनी ते निकाल म्हणून घेतले. तालुक्याला जाण्यासाठी कोणी तरी जीप बोलावली होती, ती परत पाठविली गेली. त्या लेकराला एका लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवले. तोंडाला दूधही लावले नाही, कारण जाणाऱ्या जीवाला आईची माया लागू नये असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

महिन्याभराने ती मुलगी माहेरच्या माणसांबरोबर मठात दर्शनाला आली. नमस्कार करून उठली आणि खाली बघतच म्हणाली, "स्वामीजी, लिंग बांधलेलं लेकरू होतं नव्हं ते? मग त्याला दूध का पाजू दिलं न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. ज्या जीवाला मीच लिंगवंत केले त्याला मीच ग्रंथाच्या आधारे मृत ठरविले होते.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन केले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. जे कळले ते असे. वैद्यकात गर्भाचा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो सुमारे ४० आठवडे, म्हणजे २८० दिवसांचा असतो. ३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेले मूल अपुऱ्या दिवसांचे मानतात. या काळात पोटात काढलेला एकेक आठवडा बालकाचे बळ वाढवितो. फुप्फुसे उघडी राहण्यासाठी त्यांच्या आत एक स्निग्ध द्रव्य तयार व्हावे लागते. सातव्या महिन्यात ते फार थोडे असते, ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुष्कळसे तयार झालेले असते. तेव्हा सातव्यातल्यापेक्षा आठव्यातले मूल जगण्याचा संभव कमी नसून जास्त आहे. समजूत अगदी उलटी आहे.

मग इतकी वर्षे लोकांना ती खरी का वाटली? मला असे वाटते की दिवस मोजण्यात चूक होत असे, आणि जगले वाचलेले जवळजवळ पुऱ्या दिवसांचे मूलही सातव्यातले म्हणून सांगितले जाई. आणि आठव्यातले जगणारच नाही असे ठरविल्यावर त्याच्यासाठी कोणी धडपड करीत नसे. मूल दगावे आणि समजूत खरी ठरे. चरक-सुश्रुतांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले. त्यांच्यापाशी सोनोग्राफी नव्हती, ऑक्सिजन नव्हता. आमच्यापाशी जीप उभी होती.

दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या आणि स्त्री वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचली, तर साधारण ३४ आठवड्यांच्या आत तिला अशी इंजेक्शने देता येतात की ज्यांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. म्हणून "अजून दिवस आहेत, कळा खोट्या असतील" म्हणून घरी थांबू नये. बारीक मुलासाठी आणखी एक उपाय आहे, तो मला फार आवडला. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांच्या रुग्णालयात काचेच्या उबदार पेट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी अशी बालके आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आईची ऊब, आईचे दूध, आईच्या हृदयाचा ठोका. यास कांगारू पद्धत म्हणतात, आणि आज आपल्या सरकारी दवाखान्यांतूनही ती शिकविली जाते. इष्टलिंगही आपण छातीशीच धारण करतो. त्या १९९६ सालच्या लेकराची जागा कोपऱ्यात नव्हती, तेथे होती.

असो. आठव्याचे भय मात्र सर्वस्वी निराधार नाही, ते चुकीच्या जागी आहे. पाचवा महिना उलटल्यानंतर, आणि विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो. तोंडावर, हातांवर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि उपचार झाला नाही तर झटके येतात. आपल्या खेड्यांतून सूज आली की "अंगावर भरलं" म्हणून कौतुक होते आणि झटके आले की बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गाठला जातो. यात माता आणि बालक दोघेही जातात. ही बाधा नव्हे. हा रोग आहे, त्यावर इंजेक्शन आहे, आणि रक्तदाब वेळोवेळी मोजला असता तर तो आधीच लक्षात येतो. ज्या महिन्यात तपासणी सर्वांत जास्त हवी, त्याच महिन्यात "आठवा सांभाळा" म्हणून तिला घरात कोंडणे यासारखा उलटा न्याय दुसरा नाही. लिंगाखेरीज दुसऱ्या क्षुद्र दैवतांच्या मागे लागू नका हे शरणांनी ओरडून सांगितले, आणि तरी आपल्या घरी सुनेला झटका आला की गंडा प्रथम येतो, गाडी नंतर.

आता अन्नाकडे येतो. येथेही दोन परस्परविरुद्ध समजुती एकाच गावात सुखाने नांदतात. एक म्हणते, दोन जिवांची आहे, दुप्पट जेवू द्या. दुसरी म्हणते, पोटभर जेवली तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अडेल, तेव्हा शेवटच्या महिन्यांत हात आखडा. दुसरी अधिक घातक आहे. तिच्या मुळाशी असा समज आहे की अन्न आणि गर्भ एकाच पोटात असतात, अन्नाने जागा भरली तर बाळाला जागा उरत नाही. गर्भाशय वेगळे, जठर वेगळे. अर्धपोटी राहिलेल्या आईचे मूल कमी वजनाचे होते, अडीच किलोच्या खाली येते, आणि असेच मूल पुढे आजारास बळी पडते. ज्या घरच्या पंक्तीला दासोह चालतो, वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला ताट वाढले जाते, त्या घरात दोन लिंगे धारण करणारी सून अर्धी भाकरी खाऊन उठते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुप्पट जेवण्याचीही गरज नाही. गरोदरपणी दिवसाला सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविले आहे. म्हणजे रोजच्या जेवणावर एखादी भाकरी, वाटीभर घट्ट आमटी आणि पेलाभर दूध. एवढे कोणत्या घराला जड आहे?

लोहाच्या गोळीविषयी तर हसावे की रडावे कळत नाही. दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी खाल्ली तर मूल काळे होते, म्हणून ती गोळी परड्यात फेकली जाते. गोळीने शौच काळसर होते, एवढेच काय ते काळे होते. मुलाचा वर्ण आईबापांच्या वंशातून येतो. तो गोळीने काळा होत नाही आणि केशराच्या दुधाने वा खोबऱ्याने गोराही होत नाही. केशर परवडत असेल तर चवीसाठी जरूर घ्यावे. त्या पैशात कितीक दिवसांचे शेंगदाणे, गूळ, पालेभाजी येते याचा हिशोब मात्र करावा. गरोदरपणी स्त्रीच्या अंगातील रक्त सुमारे दीडपट वाढते, त्याला लोह पुरले नाही तर ते पातळ पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. अशा स्त्रीला बाळंतपणात थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी ती सोसत नाही. गोळी निदान १८० दिवस घ्यायची असते. चहा वा दूध यांबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. मळमळले तर रात्री निजताना घ्यावी, परंतु टाकू नये.

पपईविषयी विचारणा झाली आहे. कच्च्या पपईचा चीक गर्भाशयाला आकुंचन आणू शकतो, तेव्हा कच्ची पपई टाळावी हे योग्य. चांगल्या पिकलेल्या पपईची फोड खाल्ली म्हणून रात्रभर रडत बसण्याचे कारण नाही.

ग्रहणाचे वेड आपल्याकडे कसे शिरले हे मला उमगत नाही. शरणांनी तिथी, वार, मुहूर्त यांचे बंधन झुगारले. तरीही २२ जुलै २००९ च्या सूर्यग्रहणात, ज्याची खग्रास छाया इंदूरवरून गेली, कितीतरी लिंगवंत घरांतील गरोदर सुना अन्नपाण्यावाचून ताटकळत बसविल्या गेल्या. विळी धरली तर मुलाचा ओठ फाटतो म्हणे. बालकाचा वरचा ओठ गर्भ सात आठवड्यांचा होईपर्यंत जुळलेला असतो. पुष्कळ स्त्रियांना त्या वेळी आपल्याला दिवस गेले आहेत याचीही नीटशी खात्री नसते. सातव्या महिन्यात भाजी चिरल्याने जुळलेला ओठ फाटावा कसा? उपाशी, तहानलेले राहिल्याने मात्र आईला चक्कर येते. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये हे खरे, पण ते गरोदर स्त्रीलाच नव्हे, स्वामीलाही लागू आहे.

आता सर्वांत कठीण गोष्ट. पोटाचा आकार, डोहाळे आंबट की गोड, उजवा पाय आधी पडतो की डावा, यांवरून मुलगा-मुलगी ओळखणे हा बायकांचा विरंगुळा म्हणून सोडून देता आला असता. परंतु दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या स्त्रीला तो विरंगुळा वाटत नाही. मुलगी झाली तर दोष तिचा. वास्तविक आईच्या बीजात नेहमी एक्स हेच गुणसूत्र असते. बापाच्या बीजात एक्स वा वाय असते, आणि जे मिळेल त्यावर लिंग ठरते. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीने किड्यांवर अभ्यास करून हे दाखविले, आणि मनुष्यातही तोच नियम आहे. याचा अर्थ बापाला दोष द्यावा असाही नव्हे, ते कोणाच्या हाती नाही. ज्या क्षणी गर्भ राहतो त्याच क्षणी हे ठरून जाते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुंसवनाचे औषध देऊन मुलीचा मुलगा करण्याची कल्पना, मग ती कितीही जुन्या ग्रंथात असो, व्यर्थ आहे. अशा पुड्या अजूनही गुपचूप विकल्या जातात. त्यांत काय असते ते विकणाऱ्यालाच ठाऊक, आणि ते कोवळ्या गर्भावर जाते. सोनोग्राफीने लिंग पाहणे हा तर १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

देवर दासिमय्यांचे एक वचन आपण अनेकदा चिंतनास घेतले आहे. बाहेरच्या चिन्हांवरून लोक हा पुरुष, ही स्त्री म्हणतात, आत वसणारा आत्मा मात्र दोन्ही नव्हे, असा त्याचा आशय. या वचनाचे निरूपण करताना आपण माना डोलावतो. आता आपल्याच संस्काराकडे पाहा. गर्भलिंगधारणा करताना गुरू विचारीत नाही की आत मुलगा आहे की मुलगी. विचारण्याची सोयच नाही. न पाहता, न विचारता लिंग दिले जाते. ज्याने आपल्या घरी हा संस्कार करवून घेतला त्याने मुलगी झाली म्हणून तोंड पाडले, तर तो संस्कार त्याने मागे घेतला असे मी समजतो. तसे मी आता त्या घरी स्पष्ट सांगतोही. काही भक्त नाराज होतात, होवोत.

जन्मानंतरची एकच गोष्ट सांगतो. पहिले दोन-तीन दिवस आईला येणारे पिवळसर दाट दूध, चीक, खराब म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध वा साखरपाणी चाटवितात. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस, ज्याला आपल्या भागात गिण्णू म्हणतात, आपण शेजारी वाटतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते दगावते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मनुष्याच्या लेकराबाबत हे ज्ञान कोठे जाते? जन्मल्यावर तासाभरात त्याला पाजावे. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून बाळास विषबाधा होऊ शकते.

हल्ली गर्भलिंगधारणेचे बोलावणे आले की मी विभूती, लिंग यांच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागतो. रक्तदाब किती वेळा मोजला, रक्त किती, धनुर्वाताची सुई झाली का, ते पाहतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून विनामूल्य तपासणी होते, ही योजना २०१६ पासून चालू आहे. ती तारीख चुकली असेल तर पुढची गाठायला सांगतो. अंगावरून रक्त वा पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखले, सूज चढली, तर कोणाला न विचारता १०८ ला फोन करायचा, मलाही विचारायचे नाही, हे सासूबाईंसमोर सांगतो. सुरुवातीला काही घरी हे चमत्कारिक वाटे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "स्वामीजी आता डॉक्टर झाले." मी म्हटले, नाही, एकदा पंडित झालो होतो, ते पुरे.

२०१६ च्या पावसाळ्यात अशाच एका घरी लिंगधारणा झाल्यावर आठवडाभरात सुनेला कळा आल्या. तेहतिसावा आठवडा होता. सासूने कोणाला विचारले नाही, गाडी बोलावली. मुलगी पावणेदोन किलोची झाली. पंधरा दिवस आई आणि आजी आळीपाळीने तिला छातीशी बांधून बसल्या होत्या. मी भेटीस गेलो तेव्हा आजीची पाळी होती, आणि बाळाचे लिंग तिने आपल्या लिंगाबरोबर एकाच शिवदारात घालून गळ्यात ठेवले होते. ती मुलगी आता शाळेत जाते. मठात आली की कोठाराच्या पायऱ्यांवरून उड्या मारते आणि दर भेटीला तिचे शिवदार तुटलेले असते.